लाल दोऱ्याची बाटली

सोमवार, १८ फेब्रुवारी १९८५

दुसऱ्या तासाला ब्लाऊज भिजला. आठवी ब, पाठ 'उष्णतेचे वहन'. पदर गच्च ओढला, हजेरीपट छातीशी धरला आणि उरलेला तास फळ्याकडे तोंड करून शिकवला. मागे कोणीतरी खुसखुसलं. कोण ते माहीत आहे. उद्या बघते त्याच्याकडे.

नव्वद दिवसांची रजा संपली. चिमी तीन महिन्यांची झाली. तिला काय कळणार रजा म्हणजे काय! सकाळी नऊला पाजून एस.टी. पकडली, संध्याकाळी सहाला घरी. मधले नऊ तास पोर सासूबाईंजवळ. घरी पोचले तर रडून रडून घसा बसलेला. दोन वाट्या दूध काढून ठेवलं होतं, त्यातलं अर्धंच प्यायली.

हेडसरांना विचारून पाहिलं, आणखी पंधरा दिवस मिळतील का म्हणून. ते म्हणाले, "बाई, या जूनला तुम्हांला कायम करायचं आहे. आता एकही दिवस नको." हेही मुंबईहून पत्रात तेच लिहितात. 'नोकरी सोडू नकोस.' जसं काही मी ती पदरात गाठ मारून ठेवली आहे!

डब्याचं दूध देता आलं असतं तर प्रश्न नव्हता. पण जानेवारीत आठवडाभर सवय म्हणून दिलं आणि पोर दवाखान्यात चार दिवस सलाइनवर होती. डबा वाईट, की पाणी, की बाटली — कोणास ठाऊक. तिची टाळू आत गेलेली मी पाहिली आहे. ते पुन्हा बघायचं नाही मला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "साडेपाच महिन्यांची होईपर्यंत आईचंच. परत बाहेरचं पोटात गेलं तर मी खात्री देणार नाही."

साडेपाच महिने म्हणजे एक मे. त्याच दिवशी उन्हाळ्याची सुट्टी लागते. बहात्तर दिवस काढायचे आहेत. बस्स.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या सिस्टरनी कागदावर लिहून दिलं आहे. हात साबणाने धुवा. बाटली नि झाकण दहा मिनिटं उकळा. दूध थंड जागी ठेवा, उन्हाळ्यात बाहेर चार तासांच्या वर नको. आधीच्या गार दुधात ताजं कोमट ओतू नका. चुलीवर तापवू नका, कोमट पाण्यात बाटली धरा. वाटी-चमच्याने पाजा. उरलं तर टाकून द्या, परत ठेवू नका. वर पिवळी साय धरली तरी ते नासलेलं नसतं — हलवून द्या.

सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दूद काय बरनीत भरून ठेवायची चीज हाय काय गो? अंगावरचं अंगावर."

मग म्हणाल्या, "चुलीवर ठेवायचं नाय ते बरोबर. दूद आगीत गेलं की अंगाला चटका बसतो." म्हणजे एक तरी कलम दोघींना मान्य!

आणि शेवटी, "उरलं तर मोरीत नाय हां ओतायचं. मुंग्या लागल्या की पान्हा आटतो. झाडाच्या मुळात घालायचं." मी म्हटलं, घाला. झाडाला तरी मिळू दे.

त्यांना वाचता येत नाही. म्हणून जॅमच्या दोन बाटल्या घेतल्या. लाल दोरा बांधलेली दुपारी बाराची. बिनदोऱ्याची तीनची. तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा म्हणाल्या, "बरं." लग्नाला तीन वर्षं झाली, पण यांच्या 'बरं'चा अर्थ होय, नाही की बघू, ते अजून कळलेलं नाही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज दीड वाटी. काल पावणेदोन. का?

रविवार, २४ फेब्रुवारी

घरमालकीण सुंदराबाई माडीवर राहतात. आमच्या आळीतला एकुलता एक फ्रीज त्यांचा. त्यावर विणलेला रुमाल, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. फ्रीजला कुलूप! किल्ली कमरेला. गोड बोलून दोन बाटल्यांची जागा मागितली. "ठेवा की," म्हणाल्या, "पण खालच्या कप्प्यात. वर माझं देवाचं दही असतं."

म्हणजे सासूबाईंनी बाराला एकदा आणि तीनला एकदा जिना चढायचा, किल्ली मागायची, बाटली घ्यायची. गुडघे धरून चढतात बिचाऱ्या. पण म्हणाल्या, "बरं."

माझं तरी एक ओझं उतरलं. फ्रीज म्हटल्यावर चोवीस तासांची निश्चिंती.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

चिमीला हिरवं झालं. चार वेळा. शाळेतून आले तर सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसलेल्या, चेहरा काळवंडलेला. तशीच उचलून दवाखान्यात. डॉक्टरीणबाई माझ्यावरच ओरडल्या. "काय दिलंत?" माझंच दूध दिलं हो! "मग कसं ठेवलंत?" फ्रीजमध्ये! त्यांचा विश्वास बसला नाही. मीठ-साखरेचं पाणी चमचा-चमचा देते आहे.

वजन चार किलो तीनशे. मागच्या वेळेपेक्षा शंभर ग्रॅम कमी.

शनिवार, २ मार्च

सापडलं!

आज सकाळची शाळा. साडेबाराला घरी आले आणि स्वतःच बाटली आणायला माडीवर गेले. फ्रीजचं दार उघडलं तर आत दिवा नाही. हात घातला — माजघरात गार वाटतं तितकंच गार. मी विचारलं, वीज गेली आहे का? सुंदराबाई म्हणतात, "नाही हो. दिवसा मी बंदच ठेवते. सकाळी आठला बंद, संध्याकाळी पाचला चालू. फुकट लाइट कशाला जाळायची? आतला गारवा आतच राहतो की!"

आतला गारवा आतच राहतो! आठवी ब मधला ढ गोळाही असं म्हणणार नाही.

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्याही कमी नाहीत. "अंगातलं दूध माझ्या देवाच्या दह्याच्या फ्रीजात ठेवू दिलं, तेच चुकलं माझं." मी तीनची बाटली उचलली आणि खाली आले. जिन्यात रडू आलं. रागाचंच होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मना वासच येत व्हता त्या दुदाला." मग सांगितलं का नाहीत? "तू म्हनालीस फिरीज हाय."

मंगळवार, ५ मार्च

सासूबाईंच्या सल्ल्याने माठाखालच्या ओल्या वाळूत बाटल्या पुरून ठेवल्या. शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला आहे. काल संध्याकाळी मोजलं, चोवीस. हवेत बत्तीस होतं, म्हणजे वाईट नाही. चांगलंही नाही.

शाळेत मधल्या सुट्टीत छाती दगड होते. नकाशांच्या खोलीत कडी लावून काढते आणि पेल्यातलं मागच्या जास्वंदीला घालते. घरी पोरीला पुरत नाही आणि इथे जास्वंद पितेय! घरी न्यायचं तर उन्हातून एस.टी.त तासभर. ते काय दूध राहणार आहे?

शनिवार, ९ मार्च

शिमग्याला हे आले आहेत. सासूबाई पालखीसाठी दोन दिवस गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "पोर बापाकडे ऱ्हाईल. दोन दिसांत काय व्हतंय." काल बापाने काय केलं? पोरीला खेळवायच्या नादात बिनदोऱ्याची बाटली खिडकीत ठेवली. पश्चिमेच्या खिडकीत! सहाला मी आले तेव्हा दूध अंगाच्या दुप्पट गरम. पोर उपाशी, बाप घामाघूम.

म्हणे, "अगं, तूच तर म्हणालीस कोमट करून द्यायचं."

डोक्यावर हात मारून घेतला. माझ्याच.

रविवार, १० मार्च

माणूस चुकतो, पण यांना चूक लागते. सकाळी न सांगता सायकल घेऊन बंदरावर गेले आणि दोन तासांनी मासळीच्या पेटीसकट परत. चांगली जाड लाकडाची, आतून पत्रा. बर्फाच्या कारखान्यावर यांचा शाळेतला दोस्त आहे, बाबू. तिथून मासे विकणारी एक बाई रोज सकाळी बर्फ घेऊन गावात फिरते, तीच आपल्याकडे एक तुकडा टाकेल. मैना तिचं नाव.

पेटी तीन वेळा सोड्याने धुतली. तरी बांगड्याचा वास जात नाही. राहू दे. झाकणं घट्ट आहेत.

बुधवार, १३ मार्च

मैना सातला येते. बावीस-तेवीसची असेल. सडपातळ, नऊवारी, एवढ्या उकाड्यातही पदर दोन्ही खांद्यांवरून गुंडाळलेला. टोपलीतल्या भुशातून बर्फाचा तुकडा काढते, गोणपाटात बांधून देते, जाते. बोलणं नाही. "किती वाजेपर्यंत टिकेल गं?" म्हटलं तर, "टिकल, बाय."

पेटीची तऱ्हा अशी — खाली भुसा, त्यावर ॲल्युमिनियमचा डबा, डब्यात बाटल्या, भोवती बर्फ, वर पुन्हा भुसा नि गोणपाट. बारा नि तीन.

सुंदराबाईंनी जिन्यातून वाकून माहिती पुरवलीच. (आमचं बोलणं बंद आहे, पण बातमी द्यायची असली की त्या अपवाद करतात.) मैनाचं बाळ पौषात गेलं. वीस दिवसांचा मुलगा. नवरा बोटीवर, दूर नाटे बंदराच्या बाजूला. घरात ही एकटीच.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

आणि आता हे लिहून टाकते, कारण इथे नाही तर कुठे लिहू. मी पाळणा पडवीतून आतल्या खोलीत नेला. सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांना चालणार नाही असं मनाशी म्हटलं. मूल गेलेल्या बाईची तान्ह्यावर नजर नको, असलं काहीबाही त्या म्हणणारच. उगाच घरात कटकट नको. म्हणून मीच मैनाला सांगितलं, बर्फ बाहेर पायरीवरच ठेवत जा. आत यायला नको.

ती म्हणाली, "बरं, बाय."

सासूबाई दारातच उभ्या होत्या.

रविवार, १७ मार्च

सुट्टी. आज पेटीची परीक्षा! चिमीला अंगावरच पाजायचं असल्याने दोन्ही बाटल्यांत नुसतं पाणी भरून ठेवलं. थर्मामीटरची दोरी झाकणाच्या फटीतून बाहेर, ती ओढून पारा वाचायचा. सातला ठेवलं. दहाला सहा अंश. बाराला दहा. तीनला एकोणीस.

एकोणीस नको. मैनाला मोठा तुकडा आणायला सांगितलं. मान हलवली.

शुक्रवार, २२ मार्च

पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड नाही, सासूबाईंनी खीर केली. चिमी गुढीकडे बघून हसली. पाच वाजता उठायचं आजही चुकलं नाही.

रविवार, २४ मार्च

मोठ्या तुकड्याने पुन्हा परीक्षा. तीनला बारा अंश. जमलं!!

सासूबाईंना थर्मामीटर दाखवला. "हे बघा आई, बारा. तीनचं दूधही आता अगदी सुरक्षित." त्यांनी थर्मामीटर हातात घेतला, उलटासुलटा केला, परत दिला.

"बरं."

शनिवार, ३० मार्च

वजन पाच किलो दोनशे! डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं. "काय करता तरी काय?" म्हणाल्या. मी पेटी, भुसा, बर्फ, दोरा, थर्मामीटर सगळं सांगितलं. सिस्टरही येऊन ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या बायकांना येऊन सांगाल का एकदा?"

येताना सासूबाईंना म्हटलं, बघितलंत? त्या चिमीचं टोपडं नीट करत होत्या. मला वाटलं होतं, आज तरी म्हणतील की बाई, तुझंच खरं. त्यांनी टोपड्याची नाडी बांधली.

बुधवार, ३ एप्रिल

दूध कमी येतंय. सकाळी मिळून एक वाटी होईना. परीक्षेचे पेपर काढायचे, पर्यवेक्षण, जागरण नाही तरी डोकं कुठे शांत असतं? एका बाटलीत अर्धी, दुसरीत जेमतेम पाव. आणि पोर तर गुटगुटीत होते आहे! गणित काही जुळत नाही. पण पोरीची मांडी हातात येते आता, तेव्हा गणिताला कोण विचारतो.

अट्ठावीस दिवस राहिले.

मंगळवार, ९ एप्रिल

दुपट्टी वाळत घालायला मागे गेले. माडाच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग. तांबड्या, जाड. बघितलं तर आळ्यात पांढरं सुकलेलं. आज-कालचं नाही, थरावर थर.

दूध. माझं दूध.

उरलेलं एखाद्या दिवशी घातलं असेल म्हणून मन समजावत होते. मग आत येऊन सरळ विचारलं. सासूबाई खोटं बोलत नाहीत, एवढं मात्र आहे. "बाराचं देतंय मी," म्हणाल्या. "तीनचं नाय देत."

कधीपासून? "पाडव्याच्या आधीपासनं."

आधीपासनं! म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. मी पहाटे पाचला उठते. आधी दोन भांडी उकळायची, मग हात दुखेपर्यंत पिळायचं, थेंब सांडला तर जीव तुटतो. बोट फिरवून वाटीच्या कडेचं बाटलीत घेते मी! आणि ह्या ते माडाला घालतात!

"का?" म्हणून ओरडलेच. चिमी दचकली.

"उतरतं ते. वास येतो. बर्फाचं पानी व्हतं दोनाला."

"मग तीनला तिला काय देता?"

त्यांनी कंदील खाली काढला.

"काय देता आई? डब्याचं? शेळीचं? ती दवाखान्यात होती चार दिवस, विसरलात?"

तर म्हणाल्या, "पोर उपाशी नाय," आणि कंदिलाची काच पुसायला घेतली. वर बघेचनात.

बुधवार, १० एप्रिल

घर धुंडाळलं. फळीवर, तांदळाच्या डब्यात, त्यांच्या पेटीत, कपड्यांखाली. लाज वाटते, पण धुंडाळलं. डबा नाही. पावडरीचा कण नाही. दूध पाजायचं बोंडलंही तसंच, धूळ खात. आळीत शेळी आहे ती एका घरी, तिथे जाऊन विचारलं. म्हणाले, शेळी गाभण आहे, दूध कुठलं?

मग काय देते ही बाई माझ्या मुलीला?

आणि एक गोष्ट डोक्यात आली ती आजच्या पर्यवेक्षणात, मुलं पेपर लिहीत असताना. रविवारी मी पेटीची परीक्षा घेतली तेव्हा बाराला झाकण उघडलंच नव्हतं. फटीतून दोरी ओढून पारा वाचला होता. एरवी सासूबाई बाराला झाकण काढतात, भुसा बाजूला करतात, लाल दोऱ्याची काढतात, पुन्हा भरतात. म्हणजे दुपारचा सगळा उकाडा आत. तीनला बारा अंश कुठले — पंचवीस असतील. विज्ञान शिकवते मी!

म्हणजे वासाचं त्यांचं खरं होतं. त्या नाकाने सांगत होत्या ते बरोबर आणि माझा पारा चूक. कबूल. पण म्हणून दुसरं काय देतात ते न सांगणं बरोबर होत नाही. नाहीच होत.

शुक्रवार, १२ एप्रिल

सुंदराबाई आज पुन्हा अपवाद करून बोलल्या. "दुपारी अडीचला तुमच्या दाराला बाहेरून कडी असते हो. भर उन्हात पोर खांद्यावर टाकून जातात त्या. डोक्यावर टॉवेल टाकतात एवढंच." कुठे? "ते बाई, मी कशाला बघायला जाऊ?" हिने बघितलं नाही, हे काही पटत नाही. पण सांगणार नाही ती. माझी मजा बघते आहे.

सासूबाईंना विचारलं. दोनदा विचारलं. "पोर बरी हाय का नाय?" बरी आहे. "मंग?"

मग काय मग! यांना पत्र लिहिलं. तुमच्या आईंना घेऊन जा. मी मुलीला शाळेत घेऊन जाईन, नकाशांच्या खोलीत ठेवीन, नोकरी गेली तर जाऊ दे. चार पानं झाली. लगेच पोस्टाच्या पेटीत टाकून आले.

रविवार, १४ एप्रिल

सासूबाईंनी गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं आहे. पत्राचं मी बोलले नव्हते. कळलंच त्यांना. म्हणाल्या, "एक मे झाला की जातंय मी गावाला. तवर ऱ्हाऊ दे." आवाज अगदी साधा. त्यामुळे मला जास्तच राग आला आणि तो कुठे काढावा ते कळेना.

भात खाल्ला नाही मी. त्यांनीही नाही. दोघींचा भात सकाळी मांजराने खाल्ला.

मंगळवार, १६ एप्रिल

राग आज मैनावर काढला. बिचारी पायरीवर बर्फ ठेवत होती. म्हटलं, "तुझ्या बर्फात काही दम नाही गं. दोनला पाणी होतो. तीनचं दूध रोज फुकट जातं माझं. तुला त्याचं काय म्हणा!" तिची मान खाली. "जी, बाय."

तेवढ्यात सासूबाई चिमीला कडेवर घेऊन दारात आल्या. आणि आमची चिमी — जी सुंदराबाईंना बघून भोकाड पसरते, स्वतःच्या बापाकडेही शिमग्यात आधी रडतच गेली — ती मैनाकडे झेपावली. दोन्ही हात पसरून, तोंडाने हुंकार देत. मैनाने एकदम पाठ फिरवली, टोपली उचलली आणि जवळजवळ धावतच गल्लीतून गेली.

मला चमत्कारिक वाटलं. एस.टी.त बसले तरी तेच डोक्यात. कधीही जिला जवळ येऊ दिलं नाही, तिला पोर ओळखते कशी?

उद्या भूगोलाचा पेपर एकला संपतो. हेडसरांना सांगून लवकर निघते.

बुधवार, १७ एप्रिल

अडीचला आळीच्या तोंडाशी पोचले. सासूबाई पुढे, चिमी खांद्यावर, डोक्यावर ओला टॉवेल. मी लांबून मागे. बंदराच्या वाटेला लागून त्या एका कौलारू घराशी थांबल्या. हाक मारावी लागली नाही. दार उघडंच होतं.

मी पोचले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, राखणीला बसल्यासारख्या. आत मैना भिंतीला टेकून, पदराखाली चिमी. चिमीचे फक्त पाय दिसत होते, मजेत हलणारे. मैनाचे डोळे मिटलेले आणि गालांवरून पाणी.

सासूबाईंनी ओठावर बोट ठेवलं. मग हळू म्हणाल्या, "बाळ गेलं तरी हिचा पान्हा राह्यना. आपली पोर रडायची राह्यना. मी काय करू?"

मला का नाही सांगितलंत, म्हटलं.

"तू तिला पायरीवर थांबवलंस गो. तुला कसं सांगू?"

मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यात बसले. चिमीचं पोट भरेपर्यंत उठले नाही. घरी येऊन त्यांचं गाठोडं सोडलं, लुगडी दांडीवर घातली. यांना पत्र टाकलं — आधीचं फाडा.

बिनदोऱ्याची बाटली धुऊन फळीवर ठेवली आहे. एकच पुरे, लाल दोऱ्याची. तिला बर्फही अर्धा लागेल. उद्या सातला मैनाला सांगायचं आहे — पायरीवर ठेवू नकोस. आत ये.